मत्तयाच्या शब्दाला धक्का न लावता

४ ऑक्टोबर १९६२, संत फ्रान्सिसचा सण. पोप तेविसावे जॉन त्या दिवशी आगगाडीने रोमबाहेर पडले, आधी लोरेतोला गेले आणि तिथून असीसीला. आठवड्यावर आलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेसाठी प्रार्थना करायची, एवढाच हेतू. पण पोप आगगाडीत बसून गावोगावच्या लोकांना दर्शन देत जातात, हेच त्या काळच्या इटलीला नवलाचे होते. असीसीच्या अरुंद गल्ल्यांत मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. त्या गर्दीमुळे 'प्रो चिविताते क्रिस्तियाना' या कॅथलिक संस्थेच्या पाहुणेघरात एक चाळिशीचा माणूस खोलीतच अडकून पडला. उशाशी शुभवर्तमानांची प्रत ठेवलेली होती. वेळ काढायचा म्हणून त्याने ती उघडली आणि पहिल्या पानापासून, म्हणजे मत्तयापासून, वाचत गेला.

हा माणूस म्हणजे पिअर पाओलो पासोलिनी. कवी, कादंबरीकार, दोन चित्रपटांचा दिग्दर्शक आणि जाहीरपणे मार्क्सवादी. कम्युनिस्ट पक्षाने त्याला १९४९ मध्ये काढून टाकले होते, तरी त्याने तो विचार सोडला नव्हता. देवावर आपला विश्वास नाही, हेही तो लपवत नसे. असीसीला तो चित्रपटाविषयीच्या एका चर्चेसाठी आला होता. कॅथलिक संस्थेने नास्तिक कलावंतांना आपल्या घरी बोलवायचे, जेवू घालायचे आणि त्यांच्याशी वाद घालायचा, अशी डॉन जोवान्नी रोस्सी या धर्मगुरूंनी चालवलेल्या त्या संस्थेची रीतच होती. त्या दुपारच्या वाचनाने अंगात एकदम बळ संचारल्यासारखे झाले, असे पासोलिनीने पुढे अनेकदा सांगितले. त्यातून दोन वर्षांनी जो चित्रपट उभा राहिला, त्याला त्याने 'मत्तयकृत शुभवर्तमान' एवढेच साधे नाव दिले. चार शुभवर्तमानांतून वेचून एक सोयीची कथा शिवायची नाही, एकाच पुस्तकाशी इमान राखायचे, ही प्रतिज्ञा त्या नावातच होती.

ती प्रतिज्ञा किती अवघड होती, हे समजायला त्याआधीच्या साठ वर्षांकडे पाहावे लागते. चित्रपट जन्माला आला आणि लगेच ख्रिस्तचरित्राकडे वळला. पाते कंपनीने आणि गोमोंच्या अ‍ॅलिस गी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतच येशूचे आयुष्य देखाव्यांमागून देखावे लावून पडद्यावर आणले. त्या पिढीचाच एक 'लाइफ ऑफ ख्राइस्ट' १९१०-११च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी पाहिला. पडद्यावर ख्रिस्त सरकत होता आणि आपल्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, गोकुळ, अयोध्या उभी राहत होती, असे त्यांनी स्वतःच 'नवयुग' मासिकात लिहून ठेवले आहे. 'राजा हरिश्चंद्र'चा उगम तिथला. मराठी माणसाला ही हकीकत पाठ असते, पण तिच्यातली एक बाब सहसा बोलली जात नाही. फाळक्यांना हलवून सोडणारा तो चित्रपट मुका होता. त्यात येशू बोलत नव्हता, त्यामुळे त्याच्या तोंडी कोणते शब्द घालायचे हा प्रश्नच अजून पुढे आला नव्हता.

१९१२ मध्ये कॅलेम कंपनीचा सिडनी ऑल्कॉट आपली माणसे घेऊन थेट इजिप्त आणि पॅलेस्टाइनला गेला आणि तिथे त्याने 'फ्रॉम द मॅन्जर टू द क्रॉस' चित्रित केला. मधल्या पाट्यांवर बायबलमधली वचने अध्याय-ओवींसह छापली. इमानाचा हा पहिला मोठा प्रयत्न. पुढे पैसा वाढला तशी मोकळीकही वाढली. सेसिल बी. डिमिलचा १९२७चा 'किंग ऑफ किंग्ज' सुरू होतो तो मग्दालीया मरियेच्या ऐषारामी महालात. ती गणिका, यहूदा तिचा प्रियकर आणि तिच्या रथाला झेब्रे जुंपलेले. यातले काही म्हणजे काही शुभवर्तमानात नाही. निकोलस रेच्या १९६१च्या 'किंग ऑफ किंग्ज'मध्ये बरब्बा सशस्त्र उठाव करतो आणि ल्यूशियस नावाचा एक रोमन अधिकारी कथेभर वावरतो, तोही पटकथाकाराने जन्माला घातलेला. 'बेन-हर'ने (१९५९) दुसरी वाट धरली आणि येशूचा चेहरा दाखवलाच नाही. ही सगळी माणसे श्रद्धाहीन होती असे मुळीच नाही. डिमिल मनापासून धार्मिक होता. पण मूळ मजकूर प्रेक्षकाला पुरणार नाही, त्याला थोडा टेकू लागेल, असे या सगळ्यांना वाटत होते. माझ्या मते ख्रिस्तपटांचा घात या समजुतीनेच केला.

पासोलिनीला नेमके उलट वाटले. फेब्रुवारी १९६३ मध्ये असीसीच्या संस्थेतल्या लुचो कारुझो यांना लिहिलेल्या पत्रात त्याने आपला बेत मांडला आहे. मत्तयाच्या मागोमाग, मुद्द्यामागून मुद्दा जायचे; पटकथा म्हणून त्याचे रूपांतर करायचे नाही; संवाद मत्तयाचेच, समजावून सांगणारे एकही जोडवाक्य नको. कारण आपण घातलेली कोणतीही प्रतिमा किंवा शब्द त्या मजकुराच्या काव्याच्या उंचीला पोचणार नाही. बाकीच्या तिघांना सोडून मत्तयच का, याचे उत्तरही त्याच्याकडे होते. योहान त्याला फार गूढ वाटे, मार्क फार ग्राम्य, लूक भावुक. मत्तयाचा येशू कठोर आहे, घाईत आहे, शास्त्री-परूशांना तोंडावर सुनावणारा आहे.

हे पत्र गेले आणि महिन्याभरातच पासोलिनी न्यायालयात उभा होता. त्याच्या 'ला रिकोत्ता' या लघुपटात रोमजवळच्या माळावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे चित्रीकरण चाललेले दाखवले आहे. दिग्दर्शकाच्या भूमिकेत ऑर्सन वेल्स. त्यातला स्त्राच्ची नावाचा उपाशी एक्स्ट्रा, जो येशूशेजारच्या पश्चात्तापी चोराचे काम करतो आहे, हाती लागले ते बकाबका खातो आणि क्रुसावर टांगलेला असतानाच मरतो. चित्रपट जप्त झाला, राज्यधर्माच्या अवमानाचा खटला भरला गेला आणि चार महिन्यांची स्थगित शिक्षा झाली. (अपिलात ती पुढे रद्द झाली.) धर्माची टवाळी केली म्हणून शिक्षा झालेल्या माणसाला शुभवर्तमानावरच्या चित्रपटासाठी पैसा कोण देणार? निर्माता अल्फ्रेदो बिनी दारोदार फिरत होता. असीसीच्या मंडळींनी मात्र हात काढून घेतला नाही. हा माणूस चेष्टा करणारा नाही, हे त्यांनी ओळखले होते. त्यांनी सल्ला दिला, विद्वान दिले, वजन खर्च केले. या चित्रपटाच्या इतिहासात पासोलिनीच्या बरोबरीने त्या धर्मगुरूंचे नाव घ्यायला हवे, असे मला फार वाटते. स्वतःच्या पवित्र ग्रंथाची किल्ली परक्याच्या हाती देणे सोपे नसते.

१९६३च्या उन्हाळ्यात संस्थेतले बायबलचे अभ्यासक डॉन आंद्रेआ कार्रारो यांना बरोबर घेऊन पासोलिनी पॅलेस्टाइनला गेला. त्या प्रवासाचे चित्रीकरण झाले आणि 'सोप्राल्लुओघी इन पालेस्तिना' या नावाने ते आजही पाहता येते. गालीलचा समुद्र, ताबोर डोंगर, नासरेथ, यार्देन नदी, बेथलेहेम, तेव्हा इस्राएल आणि जॉर्डन यांच्यात वाटले गेलेले यरुशलेम. डॉन आंद्रेआ प्रत्येक ठिकाणी वचन सांगतात, पासोलिनी चेहरा पाडून आजूबाजूला पाहतो. जिकडेतिकडे नवी शेती, किबुत्झ, कारखाने, सिमेंटची घरे. त्याला हवे होते ते जग तिथून गेलेले होते. पण एका गोष्टीने त्याला चकित केले. ती सगळी ठिकाणे फार लहान आणि साधी होती. ज्या टेकडीवरून जगाला प्रवचन दिले गेले ती टेकडी म्हणजे एक छोटासा उंचवटा. एवढ्याशा जागेतून एवढे मोठे काही निघाले, ही जाणीव घेऊन तो परतला, आणि पॅलेस्टाइनमध्ये चित्रीकरण करायचे नाही हा निर्णयही.

इथे इमानाचा पहिला खरा पेच होता. स्थळ बदलले तर मूळ बदलले का? पासोलिनीने उत्तर शोधले ते इटलीच्या दक्षिणेत, लुकानिया, पुलिया, कालाब्रियाच्या कोरड्या, गरीब मुलखात. मातेरा हे त्याचे यरुशलेम. डोंगराच्या कड्यात कोरलेल्या 'सास्सी' या गुहाघरांत माणसे आणि जनावरे एकाच छताखाली राहत होती; मलेरिया आणि बालमृत्यू पाचवीला पुजलेले. हा देशाचा कलंक आहे असे म्हणून सरकारने १९५२ मध्ये कायदा करून लोकांना नव्या वस्तीत हलवायला सुरुवात केली होती आणि १९६४ पर्यंत बरीच घरे ओस पडली होती. याच प्रदेशात फॅसिस्टांनी कार्लो लेव्ही या डॉक्टर-लेखकाला हद्दपार केले होते, आणि ख्रिस्त एबोलीपर्यंतच आला, आमच्यापर्यंत पोचलाच नाही, हे तिथल्या शेतकऱ्यांचे म्हणणे त्याने १९४५च्या आपल्या पुस्तकाच्या शीर्षकावर घेतले होते. पासोलिनीने ख्रिस्ताला त्याच वाटेवर पुढे आणले. बारीले गावच्या गुहांत त्याचे बेथलेहेम झाले, एटना ज्वालामुखीच्या राखाडी उतारावर सैतानाने परीक्षा घेतली, आणि कड्याकपारीत राहणारे शेतमजूर गालीलकर झाले. त्यांना वेगळा अभिनय शिकवावा लागला नाही. दगडावर बसून दाणा निवडणारी बाई, दात पडलेला म्हातारा, उघड्या पायांची पोरे: येशूभोवती गोळा झालेली माणसे अशीच असणार, हे पाहताक्षणी पटते. आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये 'क्रिस्तपुराण' छापले तेव्हा गोव्याच्या माणसाला समजेल अशा ओवीत आणि अशा भाषेत ती कथा सांगितली, तीही याच जातीची निष्ठा होती. कथा जिथे ऐकली जाणार त्या मातीत ती रुजली पाहिजे.

येशू कोण करणार, हा प्रश्न बरेच दिवस लोंबकळला. पासोलिनीच्या मनात नट नव्हतेच, कवी होते. रशियन कवी येव्तुशेन्कोला तर त्याने पत्रही पाठवले होते. फेब्रुवारी १९६४ मध्ये एन्रिके इराझोकी नावाचा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी बार्सिलोनाहून रोमला आला. फ्रँकोच्या हुकूमशाहीविरुद्ध काम करणाऱ्या भूमिगत विद्यार्थी संघटनेसाठी इटलीतल्या विचारवंतांचा पाठिंबा मिळवणे, हे त्याचे काम. पासोलिनीच्या घरी तो भेटायला गेला आणि पासोलिनीने दार उघडल्याबरोबर ठरवून टाकले. जुळलेल्या भुवया, लांबट चेहरा, एल ग्रेकोच्या चित्रातल्यासारखी धारदार नजर. इराझोकीने आधी नकार दिला. शेवटी तयार झाला तो संघटनेला त्या पैशांचा उपयोग होईल म्हणून. चित्रपटात त्याला आवाज दिला एन्रिको मारिया सालेर्नो या नटाने. मायदेशी परतल्यावर इराझोकीचा पासपोर्ट काढून घेण्यात आला आणि त्याला सक्तीच्या लष्करी सेवेत धाडले गेले. बाकीचे लोकही असेच गोळा केलेले. यहूदा झाला एक ट्रकचालक. फिलिप्प झाला तेव्हा बावीस वर्षांचा असलेला आणि पुढे तत्त्वज्ञ म्हणून जगाला माहीत झालेला जोर्जो आगाम्बेन. कयफा महायाजक म्हणून आर्जेन्टिनाचा लेखक रोदोल्फो विल्कॉक, आणि बेथानीची मरिया म्हणून कादंबरीकार नातालिया गिन्झबुर्ग.

चित्रीकरण सुरू झाले आणि पहिल्याच दिवसांत पासोलिनीला कळले की आपण चुकतो आहोत. 'अक्कात्तोने' या पहिल्या चित्रपटात त्याने रोमच्या झोपडपट्टीतल्या एका दलालाचे आयुष्य भिंतीवरच्या जुन्या धर्मचित्रांसारखे, समोरून, गंभीरपणे टिपले होते. तीच पद्धत ख्रिस्ताला लावल्यावर सगळे बटबटीत दिसायला लागले. पवित्र गोष्ट पवित्र पद्धतीने दाखवली की तिचे नाटक होते. मग त्याने आणि छायालेखक तोनिनो देल्ली कोल्ली यांनी कॅमेरा खांद्यावर घेतला, लांब पल्ल्याची भिंगे लावली आणि बातमीपट टिपावा तसे टिपायला सुरुवात केली.

या पद्धतीची खरी परीक्षा झाली ती येशूवरच्या खटल्याच्या प्रसंगात. इतर चित्रपटांत कॅमेरा कयफाच्या आणि पिलाताच्या शेजारी उभा असतो. आपण जणू दरबारातले मानकरी. पासोलिनीचा कॅमेरा गर्दीच्या मागे उभा राहतो. पुढे माणसांच्या मानांचा आणि टोप्यांचा अडसर, मधूनच कोणाचा खांदा आडवा येतो, दूरवर येशूची लहानशी आकृती. बोलणे ऐकू येते, पण चेहरे नीट दिसत नाहीत. मत्तयाच्या २६व्या अध्यायात पेत्र दुरून येशूच्या मागे जातो आणि शेवट काय होतो ते पाहायला अंगणात बसतो, असे आहे. पासोलिनीने कॅमेरा नेमका तिथे, त्या भेदरलेल्या शिष्याच्या जागी ठेवला. संवाद जसेच्या तसे ठेवणे हे कोणालाही जमेल. ग्रंथकर्त्याने वाचकाला कुठे उभे केले आहे ते ओळखून प्रेक्षकाला तिथेच उभे करणे, ही वाचनाची फार वरची पातळी आहे.

तसाच चित्रपटाचा आरंभ. पडदाभर एका तरुण मुलीचा चेहरा: मरिया. मग योसेफाचा चेहरा. पुन्हा ती. कोणी काही बोलत नाही. मग कॅमेरा मागे येतो आणि कमानीखाली उभ्या असलेल्या त्या मुलीचे पोट पुढे आलेले दिसते. योसेफ वळतो आणि चालायला लागतो. ती दारापर्यंत येते, नुसती पाहत राहते. गावाबाहेर पोरे खेळत असतात. योसेफ थकून दगडावर डोके टेकतो, डोळे मिटतो, पोरांचा गलका विरतो आणि पांढऱ्या कपड्यातला देवदूत समोर उभा असतो. चित्रपटातले पहिले शब्द त्या देवदूताचे. योसेफ परत येतो, ती त्याच्याकडे पाहते, दोघांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. दुसऱ्या कोणत्याही पटकथाकाराने इथे नवराबायकोचा संवाद लिहिला असता, अश्रू घातले असते, शेजारणींची कुजबुज घातली असती. पासोलिनीने घातली नाही, कारण मत्तयाच्या साऱ्या पुस्तकात मरियेच्या तोंडी एकही वाक्य नाही आणि योसेफाच्याही नाही. मत्तय जिथे गप्प आहे तिथे चित्रपटही गप्प राहतो, आणि त्या शांततेत दोन माणसांचा सगळा संसार दिसतो. ख्रिस्तपटांच्या सव्वाशे वर्षांत याहून सुंदर सुरुवात माझ्या पाहण्यात नाही.

क्रुसाखालची म्हातारी मरिया झाली आहे सुझाना पासोलिनी, दिग्दर्शकाची सख्खी आई. तिचा धाकटा मुलगा ग्विदो हा नाझींविरुद्ध लढणारा गनिमी सैनिक. फेब्रुवारी १९४५ मध्ये, युद्ध संपायला दोन-तीन महिने उरले असताना, पोर्झूसच्या हत्याकांडात कम्युनिस्ट गटातल्या गनिमांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना मारले. एकोणीस वर्षांनी थोरल्या मुलाने तिला मुलाच्या मरणावर आक्रोश करणारी आई म्हणून कॅमेऱ्यापुढे उभे केले. बायका तिला धरून ठेवतात, ती पुन्हा पुन्हा कोसळते. पाहणाऱ्याला ही हकीकत ठाऊक नसली तरी तो रडणारा चेहरा अभिनयाचा नाही, हे कळते.

मत्तयाशी इमान म्हणजे चमत्कारांशीही इमान, आणि इथे पासोलिनीची खरी कसोटी होती. येशू देवाचा पुत्र आहे असे तो मानत नव्हता. चमत्कारांचे प्रसंग चित्रित करताना त्याला अवघडल्यासारखे होत होते आणि चित्रपटातले ते भाग आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने नंतर मोकळेपणाने सांगितले. तरी त्याने ते ठेवले. कुष्ठरोग्याचा विद्रूप चेहरा दिसतो, येशू बोलतो, आणि पुढच्याच क्षणी तो चेहरा नितळ झालेला असतो. कसलीही प्रकाशाची किमया नाही, नुसता काप. पाण्यावरून चालणेही तसेच, भाकरींचेही तसेच. पुनरुत्थानही त्याने वगळले नाही: कबरीवरचा दगड पडतो, आत कोणी नसते, आणि काँगोच्या 'मिस्सा लुबा'चा ग्लोरिया ढोलांच्या ठेक्यावर घुमू लागतो. आपल्याला न पटणारी गोष्ट केवळ ग्रंथात आहे म्हणून प्रामाणिकपणे दाखवायची, हा संयम फार थोड्या रूपांतरकारांपाशी असतो.

संगीताच्या बाबतीत मात्र त्याने कोणतीही सीमा पाळली नाही. बाखचे 'मत्तयाचे दुःखसहन' तर आहेच, पण तीन मागी लोक बाळाच्या दर्शनाला येतात तेव्हा ओडेट्टाच्या आवाजातले कृष्णवर्णीय अमेरिकनांचे आईविना पोरक्या लेकराचे गाणे वाजते, आणि बालहत्येच्या वेळी प्रोकोफिएव्हचे संगीत. शब्दांना हात लावायचा नाही म्हटल्यावर त्याचे स्वतःचे जे काही म्हणणे होते ते सगळे या सुरांत आणि चेहऱ्यांत गेले.

अर्थात मत्तयाचे सगळे काही चित्रपटात नाही. १३व्या अध्यायातले बरेचसे दाखले गेले, डोंगरावरचे रूपांतर गेले, युगाच्या अंताविषयीचे प्रवचन गेले. डोंगरावरील प्रवचन आहे, पण एका जागी, एका वेळी नाही. येशूचा चेहरा तोच, मागचा उजेड मात्र बदलत राहतो. कधी ऊन, कधी रात्र, कधी वादळ, जणू तो महिनोन्‌महिने हेच सांगत हिंडतो आहे. क्रुसावर येशू प्राण सोडतो तेव्हा पडदा काळा होतो आणि यशयाचे ते शब्द ऐकू येतात, जे मत्तयाने कितीतरी आधी दाखल्यांच्या संदर्भात उद्धृत केले आहेत. म्हणजे त्याने वगळले, हलवले, आटवले. पण नवे रचले नाही. अभ्यासकांनी यावर बरेच वाद घातले आहेत. मला विचाराल तर वगळणारा आणि रचणारा यांना एका मापाने मोजता येत नाही. वगळलेले वाचकाला ग्रंथात सापडते. रचलेले मात्र पुढे ग्रंथातलेच म्हणून लोकांच्या डोक्यात बसते.

शब्दनिष्ठेचा एक धोका मात्र खरा आहे. मत्तयाच्या २७व्या अध्यायात पिलातापुढची गर्दी येशूच्या रक्ताचा दोष आपल्यावर आणि आपल्या मुलाबाळांवर घेते. त्या एका वचनाच्या आधाराने युरोपात शतकानुशतके यहूद्यांचा छळ झाला. डिमिलच्या चित्रपटावर १९२७ मध्ये यहूदी संघटनांनी आक्षेप घेतला तेव्हा त्याला बदल करावे लागले. मेल गिब्सनने २००४ मध्ये, याच मातेरात चित्रीकरण केलेल्या 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्ये, ते वाक्य अरामी भाषेत ठेवले आणि त्याखालचे भाषांतर काढून टाकले. पासोलिनीलाही या टीकेतून सुटका मिळाली नाही. त्याचा चित्रपट पूर्ण होत होता त्याच काळात रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद याच प्रश्नावर खल करत होती, आणि येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहूदी लोकांवर टाकता येणार नाही, हे तिने २८ ऑक्टोबर १९६५च्या 'नोस्त्रा एताते' या घोषणेत स्पष्ट केले. पडद्यावर आलेले वचन शेजारी तळटीप घेऊन येत नाही. जो ग्रंथ जसाच्या तसा दाखवतो त्याने हे ओझेही उचलले पाहिजे.

४ सप्टेंबर १९६४ रोजी व्हेनिस महोत्सवात चित्रपट दाखवला गेला. बाहेर उजव्या गटांनी दंगा केला. आत प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. सुवर्णसिंह आन्तोनिओनीच्या 'रेड डेझर्ट'ला गेला, पासोलिनीला परीक्षकांचे विशेष पारितोषिक मिळाले आणि आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचेही. दोन्हीकडून बोलणी बसली. काही कॅथलिकांना हा ख्रिस्त फार रागीट वाटला, काही मार्क्सवाद्यांना पासोलिनी धर्माला शरण गेला असे वाटले. चित्रपटाच्या सुरुवातीला अर्पणपत्रिका आहे, तेविसाव्या जॉन यांच्या प्रिय, प्रसन्न, घरच्या आठवणीस. चित्रपट पाहायला ते उरले नव्हते. जून १९६३ मध्येच त्यांचे निधन झाले होते. इंग्रजी भाषांतरात चित्रपटाच्या नावात मत्तयापुढे 'संत' जोडले गेले, आणि आपण न लिहिलेला तो शब्द पासोलिनीला शेवटपर्यंत खटकत राहिला.

व्हेनिसनंतर सहाच महिन्यांनी जॉर्ज स्टीव्हन्सचा 'द ग्रेटेस्ट स्टोरी एव्हर टोल्ड' आला. युटाच्या लाल दऱ्या, सुमारे दोन कोटी डॉलर खर्च, आणि क्रुसापाशी शताधिपती म्हणून जॉन वेन. तो आपटला. पुढे शब्दनिष्ठेचा मार्ग मिशनरी संस्थांनी धरला. लूकच्या आधारे इस्राएलमध्ये चित्रित केलेला 'जीझस' (१९७९) आज मराठीसह दोन हजारांहून अधिक भाषांत ऐकू येतो. एवढ्या भाषांत गेलेला दुसरा चित्रपट नाही. १९९३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रेगार्ट व्हान डेन बर्गने मत्तयाचे पुस्तक अक्षरशः पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत चित्रित केले, चार तासांहून अधिक लांबीचे. २००३ मध्ये योहानाचेही तसेच झाले. या चित्रपटांमागचा भाव निर्मळ आहे आणि कित्येकांनी त्यांतूनच शुभवर्तमान पहिल्यांदा ऐकले, ही गोष्ट लहान नाही. पण ते पाहताना बहुतेक वेळ कानच काम करतात. वाचन चालू आहे आणि समोर चित्रे हलत आहेत. एकही शब्द न गाळलेल्या त्या चार तासांपेक्षा निम्म्या वेळाच्या पासोलिनीत मत्तय अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे.

चर्चचा निकालही कालांतराने तसाच लागला. १९९५ मध्ये, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने निवडलेल्या ४५ चित्रपटांत धर्मविषयक विभागात हा चित्रपट आहे, आणि २०१४ मध्ये 'लॉसेर्व्हातोरे रोमानो' या व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने येशूवर झालेला हा सर्वोत्तम चित्रपट असे म्हटले. पासोलिनी तोवर कधीच गेला होता. २ नोव्हेंबर १९७५ रोजी ओस्तियाच्या किनाऱ्याजवळ त्याचा खून झाला. सुझाना त्याच्यामागे पाच वर्षांहून अधिक काळ जगली.

ज्यांना हा चित्रपट पाहायचा असेल त्यांनी आधी मत्तयाचे अठ्ठावीस अध्याय वाचून घ्यावेत; मराठी बायबलात ते एका संध्याकाळी वाचून होतात. आणि प्रत निवडताना जपावे. या चित्रपटाची एक रंग भरलेली, इंग्रजी आवाज दिलेली आणि कापून दीड तासावर आणलेली आवृत्तीही फिरते. ती घेऊ नका. १३७ मिनिटांची मूळ इटालियन, कृष्णधवल प्रतच मिळवा.